गच्चीवरची ब्राह्मी-अश्वगंधा: पावसाळ्यानंतरचं अपडेट

मंडळी, ब्राह्मीने अख्खा टब भरलाय, आता काठावरून खाली लोंबायला लागलीये. ही बाकोपा हं, जाडसर बारीक पानांची, फिकट जांभळ्या फुलांची. नर्सरीत ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा मंडूकपर्णी देतात, गोल पानांची, तीही आहे शेजारच्या कुंडीत, पण दोघींतली मुख्य द्रव्यं वेगळी, ब्राह्मीत बॅकोसाइड आणि मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड, म्हणजे मामला वेगळा. ब्राह्मीचा तुकडा ओल्या मातीत खोचला की पेरापेराला मुळं फुटतात, फक्त नाल्याकाठून कटिंग आणू नका, ही बया शिसं, कॅडमियम सगळं ओढून घेते आणि आपण तिची चटणी करणार!

अश्वगंधा एकदम उलटी, पाणी साचलं की मूळ कुजलंच. म्हणून पाऊस ओसरताना बी टाकलं, मातीत वाळू भरपूर. मुळं काढायला पाच-सहा महिने तरी थांबायचं.

आता सोसायटीत कळल्यापासून लोक येतात, आजोबांना अल्झायमर आहे, थोडी पानं द्या ना. पानं देतो, पण औषध म्हणून नाही. ब्राह्मीच्या बऱ्याच ट्रायल निरोगी माणसांवरच्या आहेत, त्याही रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे वगैरे, आणि फरक पडला तोही बेताचाच. स्मरणशक्तीसाठी घेतात तो गिंको झाडाच्या पानांचा अर्क तर अमेरिकेत ३,०६९ वयस्कर लोकांवर तपासला, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) काही टळला नाही. त्यात आजोबांना डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी चालू असेल तर ब्राह्मीचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, दोन्हींचा रोख मेंदूत निरोप पोचवणाऱ्या असेटिलकोलिन या रसायनावरच. रक्त पातळ करायची गोळी असेल तर गिंको नकोच. अश्वगंधाने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही आहेत.

झाडातून निघून खरोखर अल्झायमरच्या प्रिस्क्रिप्शनवर पोचलेलं म्हणजे गॅलँटामिन. बल्गेरियात १९५० च्या दशकात स्नोड्रॉप या फुलझाडावर काम सुरू झालं, अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि डॅफोडिलमध्येही ते असतं म्हणून वेल्सच्या डोंगरात त्यासाठी डॅफोडिलची शेती करतात. आजार बरा नाही करत, लक्षणं काही काळ सावरतं, बस.

तर पुढचा नंबर डॅफोडिलचा. आपल्याकडे थंडी पुरत नाही म्हणून कंद आधी फ्रिजमध्ये ठेवलेत, वर मोठ्ठं लेबल, कारण दिसतात कांद्यासारखे आणि आहेत विषारी. मालकांगोणीचा वेल कुंडीत कुणी जगवलाय का? बी मिळालं तर हवंय.