संशोधनात भाग घेताना गावाचं नाव का काढायला लावलं

लिंगओळखीशी संबंधित आरोग्यसेवांवरच्या एका संशोधनात मी भाग घेतला, त्याची ही हकीकत. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आईसोबत राहतो, छोटं दुकान चालवतो. याहून जास्त ठावठिकाणा देत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

या अभ्यासाची माहिती पुण्यातल्या एका मित्राकडून मिळाली. आम्हा दोघांचे उपचार एकाच डॉक्टरांकडे चालतात. संशोधकांना मुंबई-पुण्याबाहेर राहणारी माणसं हवी होती, आणि ती खरंच सापडत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद झाली. त्यात मी नाही. दारात आलेल्या गुरुजींनी वडिलांना विचारलं, मला ‘स्त्री’ लिहिलं आणि ते शेजारच्या घरी गेले. घरातच राहणारी, कुठल्या गटात न वावरणारी आमच्यासारखी माणसं कागदावर येतच नाहीत. मग त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात काय लागतं, हे सरकारला कळणार कुठून? २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात, कलम १५ मध्ये, संप्रेरक (हार्मोन) उपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन आणि विमा यांची सोय सरकारने करावी असं लिहिलं गेलं. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा आणि संशोधन हेसुद्धा त्याच कलमात आहे. ते वाचलं आणि मित्राला होकार कळवला.

आईने विचारलं, “पैसे देऊलालेत का?”

“जाण्यायेण्याचं भाडं देणारेत.”

“मग तेवढ्यासाठी कशाला जाऊलालास?”

तिला मी कलम १५ समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि सकाळी डबा बांधून दिला.

संशोधक ताई गावी यायला तयार होत्या. मीच नको म्हणालो. आमच्या गल्लीत अनोळखी बाई पिशवी घेऊन आली, की संध्याकाळपर्यंत ती कोणाकडे आली होती याची चौकशी चार घरांत होते. म्हणून एसटीने छत्रपती संभाजीनगर गाठलं. एका संस्थेच्या कार्यालयात दार लावून बसता येईल अशी खोली होती. ताईंनी पहिल्यांदा विचारलं, “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” मी म्हटलं, दादा म्हणा. शेवटपर्यंत त्या दादाच म्हणाल्या.

मग आलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. भाग घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत सगळं सांगायचं, मगच सही घ्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. पत्रक मराठीत होतं. नको वाटेल तो प्रश्न सोडता येईल, मध्येच उठून जाता येईल, भाग घेतला म्हणून उपचार मिळणार नाहीत आणि नाही घेतला तर चालू उपचार थांबणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी वेगळी सही होती. संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिशास्त्र समितीच्या सचिवांचा फोन नंबर होता, बोलताना त्रास झाला तर समुपदेशकाचाही नंबर होता. दवाखान्यात इतकी वर्षं मला शरीराबद्दल हवं ते विचारलं गेलं आहे, तेही रांगेतल्या लोकांसमोर. प्रश्न विचारण्याआधी परवानगी मागणारी माणसं मी या खोलीत पहिल्यांदा पाहिली. मी पत्रक सावकाश, ओळ न ओळ वाचलं. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, किती वर्षं ठेवणार, ते कोण ऐकणार, हे विचारून घेतलं. ताईंनी प्रत्येक उत्तर पत्रकातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं.

लहानपण, घर, शाळा यांवरचे प्रश्न लवकर आटोपले. खरं बोलणं झालं ते इंजेक्शनावर.

पुण्याचे डॉक्टर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, लिहून देतात. आमच्याकडचा मेडिकलवाला ते ठेवत नाही, मागवून घेतो. टोचून देतो गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर. औषध तेलकट असतं, सुईतून हळूहळू सोडावं लागतं, घाई केली तर कंबर दोन दिवस दुखते. त्याचा हात चांगला आहे आणि तो एका शब्दाने काही विचारत नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही. घोटाळा होतो तो रक्ताच्या तपासणीत. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं, रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होऊ शकतं, म्हणून ठरावीक काळाने तपासणी लागते. आमच्याकडच्या लॅबने माझ्या आधार कार्डावर तेव्हा होतं तेच लिंग टाकलं आणि रिपोर्ट बायकांच्या प्रमाणाशी ताडून छापला. हिमोग्लोबिन १५.८, शेजारी ठळक अक्षरात ‘जास्त’. तो कागद बघून इथल्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन ताबडतोब बंद करायला सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी समजावलं: हे औषध घेणाऱ्याची तुलना पुरुषांच्या प्रमाणाशी करायची, आणि त्यात १५.८ अगदी ठीक आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर काळजी करायची, तुमचं त्याच्या बरंच खाली आहे.

हे सांगताना तो रिपोर्ट पिशवीतून काढून मी ताईंसमोर ठेवला. त्यांनी लिहिणं थांबवलं. “फोटो घेऊ का? नाव येऊ देणार नाही.” नावावर आणि लॅबच्या शिक्क्यावर मी स्वतःच अंगठे धरले आणि त्यांनी फोटो काढला. त्यासाठीसुद्धा संमतीपत्रावर वेगळी नोंद केली.

पुढे माझ्या बोलण्याची टाइप केलेली प्रत पासवर्ड लावून मोबाईलवर आली. वाचून दुरुस्त्या कळवायच्या होत्या. आईबद्दलची काही वाक्यं मी काढायला सांगितली. ती तिची गोष्ट आहे, तिने कुठे सही केली नव्हती. नाव अर्थातच बदललेलं होतं. पण त्या नावाच्या खाली जिल्हा, तालुक्याचं गाव, वय आणि दुकान कशाचं ते, असं सगळं एका ओळीत होतं. मुंबईत एवढ्यावरून कोणी सापडणार नाही. इथे बसस्टँडवर कोणालाही ती ओळ वाचून दाखवा, तो तुम्हाला माझ्या दारापर्यंत आणून सोडेल. मी ताईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “दादा, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.” आठवडाभराने नवी प्रत आली: ‘मराठवाडा, वय तिशीत, स्वतःचा व्यवसाय’. एवढंच नाही, छोट्या गावांतल्या सगळ्यांच्या ओळी त्यांनी तशाच बदलल्या. कुठल्याही अभ्यासात तुम्हाला विचारणा झाली, तर नावाच्या आधी ही ओळ तपासा. नाव बदलण्याची काळजी सगळेच घेतात. आपण सापडतो ते बाकीच्या तपशिलावरून.

अहवालाचा सारांश मराठीत मिळावा, ही माझी दुसरी मागणी होती. त्याला वेळ लागला, मधे मला आठवण करून द्यावी लागली, पण तो आला. त्यात एक शिफारस अशी आहे की, संप्रेरक घेणाऱ्यांच्या रिपोर्टवर दोन्ही प्रमाणं छापावीत किंवा लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण वापरावं. ते पान मी झेरॉक्स करून आमच्या लॅबवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये बदल होत नाही, पण खाली हाताने लिहून देत जाईन. आता तसं लिहून देतो.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात अजून काही बदललेलं नाही. पुण्याच्या फेऱ्या चालूच आहेत. अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात डॉक्टर, परिचारिका आणि लॅब तंत्रज्ञ यांच्या मुलाखती होणार आहेत, आणि प्रश्नावली ठरवणाऱ्या सल्लागार गटात मला घेतलं आहे. पहिली बैठक नांदेडला आहे. कंपाउंडरांनाही त्या यादीत धरावं, असं मी आधीच लिहून कळवलं आहे.