तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवरून दिसतं तरी काय?

गच्चीत दुर्बीण मांडलेली पाहिली की जिना चढून येणारा हमखास विचारतो, "पुण्याच्या या उजेडात दिसतं तरी काय?"

ग्रह दिसतात, आणि छान दिसतात. शहरी उजेडात आकाशगंगा पुसली जाते, पण गुरू-शनी तेवढ्याने बुजत नाहीत. खरा त्रास गरम स्लॅबचा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते आणि गुरूची चकती वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी थरथरते. म्हणून मी दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवते आणि जमेल तेवढं उशिरा बघते.

माझं भिंग ७० मिलिमीटरचं, नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर, ७००. दहा मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळ्यापाशी असतं ते छोटं भिंग, लावलं की ७०० भागिले १०, म्हणजे ७० पट मोठं दिसतं. खोक्यांवर शेकडो पट छापलेलं असतं, पण एवढ्या भिंगाला १४० च्या पुढे चित्र नुसतंच मोठं आणि धूसर होतं. शनीचं कडं? दिसतं. २०२५ च्या मार्चमध्ये ते धारेवर आलं होतं, म्हणजे त्याची नुसती पातळ कड आपल्याकडे होती, तेव्हापासून हळूहळू उघडतंय.

मला विचाराल तर आधी गुरू बघा, आणि डोळा लगेच काढू नका. पहिल्या मिनिटाला नुसती पिवळट चकती असते. हवा क्षणभर स्थिरावते आणि दोन करडे पट्टे उमटतात.

गेल्या फेब्रुवारीत रात्री एकच्या सुमाराला शेजारच्या आजी झोप येईना म्हणून वर आल्या. गुरूचा चंद्र आयो गुरूच्या सावलीतून बाहेर पडायची वेळ मी टिपून ठेवली होती. आजींना स्टुलावर बसवलं. पृथ्वी फिरते तसा गुरू मिनिटा-दीड मिनिटात कडेला सरकतो, तो मी पुन्हा मध्ये आणून देत होते. अचानक त्या म्हणाल्या, "अगं, इथे आत्ता काही नव्हतं!" गुरूपासून जरा बाजूला, काळोखात, एक ठिपका उजळत होता.

मी सांगितलं, गुरू लांब असताना ही ग्रहणं उशिरा होताना दिसतात. त्यावरूनच १६७६ साली डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांनी ओळखलं की प्रकाशालाही पोचायला वेळ लागतो. आजींचा प्रश्न वेगळाच होता.

"परत कधी?"

"साडेबेचाळीस तासांनी. परवा संध्याकाळी साडेसातला."

परवा सव्वासातला मी दुर्बीण घेऊन वर गेले, तर आजी स्वेटर घालून स्टुलावर बसलेल्या होत्या.