आमची वाटचाल : बिलावर आम्ही ‘काच’ असंच लिहितो

माझं माहेर हुपरीचं. तिथं चांदीचं काम कारखान्यापेक्षा घराच्या उंबऱ्यात जास्त चालतं. एका घरी आटणी, दुसऱ्या घरी तार ओढायची, तिसरीकडे कड्या जोडायच्या, चौथीकडे घुंगरू, मग पॉलिश. पैंजणाचा एक जोड पुरा होईपर्यंत अर्धी गल्ली फिरून येतो. शाळेतून आले की आई कड्यांची परात पुढं सरकवायची. लहानपणी लागलेल्या त्या वळणावर आमचं कोल्हापूरचं दुकान उभं आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, मी, नवरा आणि दोन कारागीर.

सुरुवातीला नवा माल ठेवायला भांडवल नव्हतं. म्हणून फक्त दुरुस्ती आणि उजाळा. तुटलेली कडी, सैल फासा, झिजलेलं मळसूत्र. हळूहळू पैंजण, ठुश्या विकायला ठेवल्या आणि पहिल्याच वर्षी भांडण झालं.

एक मावशी दापोलीकडं उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आल्या. आमच्याकडून नेलेले पंधरा भाराचे पैंजण त्यांनी काउंटरवर आपटले. निळसर काळे पडले होते, तव्याच्या बुडासारखे. “काय गं पोरी, ही चांदी हाय का पत्रा?” भर दुपारी, चार गिऱ्हाइकं बसलेली. नवऱ्यानं त्यांच्यासमोर कडी तोडून टंच, म्हणजे शेकडा चांदी किती ते, काढून आणला, ९२ च्या वर निघाला. मावशी म्हणाल्या, “मग काळी का पडली?” याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. जन्म चांदीत गेलेला, आणि उत्तर नाही.

ते नंतर शिकले. उन्हवऱ्याच्या पाण्यात गंधक आहे. गंधक लागला की चांदीच्या अंगावर सिल्व्हर सल्फाईडचा पातळ थर धरतो. घरातही तेच होतं, फक्त सावकाश. अंडी, लोकर आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रबरबँड. लोक साखळीची गुंडाळी करून वर रबर लावून कपाटात ठेवतात. सहा महिन्यांनी सोडली की रबर होतं तिथंच काळी रेघ, चटका बसल्यासारखी. रबर टणक करायला गंधक वापरतात, तो हा. म्हणून आता प्रत्येक डागिन्यासोबत बंद होणारी प्लास्टिकची पिशवी देतो आणि रबर लावू नका म्हणून दहा वेळा सांगतो. रोज अंगावर असलेली चांदी कमी काळवंडते, कारण ती सतत घासली जाते.

टूथपेस्टनं घासणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. डाग जातो, पण बारीक ओरखडे उरतात आणि थोडी चांदीही जाते. साध्या डागिन्याला घरचा उपाय चांगला आहे: भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर डागिना, खायचा सोडा आणि कढत पाणी. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमला धरतो. अंड्यासारखा वास सुटला की समजायचं काम सुरू झालं. “पॉलिशवाला चांदी खातो” असं लोक म्हणतात ते अगदीच खोटं नाही, म्हणून मी हे गिऱ्हाइकासमोर करते, आधी आणि नंतर ताजव्यात तोलून.

याच हौसेनं एकदा माती खाल्ली. एकीची ऑक्सिडाइज्ड ठुशी त्याच पाण्यात बुडवली. बाहेर आली ती पांढरी फट्ट, नक्षी दिसेना. तो काळेपणा मुद्दाम, गंधकाच्याच औषधानं आणलेला असतो. घरचे पैसे घालून आम्ही ती पुन्हा काळी करून दिली. काळी झाली म्हणून एक गिऱ्हाईक भांडलं, पांढरी झाली म्हणून दुसरं.

खड्यांच्या बाबतीत आम्ही जास्त चुकलो. माल पुरवणारा ‘क्रिस्टल’ म्हणायचा, आम्हीही बिलावर तेच लिहायचो. एक निवृत्त मास्तर बायकोसाठी स्फटिकाचा मणी मागायला आले. मी टपोरा गोल मणी काढला. त्यांनी स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटून काउंटरवर ठेवला, वर मणी धरला, फिरवून फिरवून पाहिला. “एकच केस दिसतोय. ही काच आहे, वहिनी.” खऱ्या स्फटिकातून पाहिलं तर मणी फिरवताना केस दुहेरी दिसतो. हाताला गारही लागतो. मी मान खाली घातली.

स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, त्याचे अणू ओळीत बसलेले. काचेत ते अस्ताव्यस्त. म्हणजे दागिन्यातला ‘क्रिस्टल’ बहुतेक वेळा स्फटिक नसतोच. इंग्लंडमध्ये रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं, पण हे नाव काचेला त्याच्याही आधी, व्हेनिसच्या ‘क्रिस्टालो’ काचेपासून चिकटलेलं. ऑस्ट्रियातल्या वॅटन्सला १८९५ पासून काच कापणाऱ्या स्वारोव्स्कीनंही २०१२ मध्ये त्यातलं शिसं काढून टाकलं. मला काचेचा राग नाही. चांगली कापलेली काच स्फटिकापेक्षा जास्त लखलखते. पण ती मऊ आहे. धूळ म्हणजे बारीक वाळू, वाळूत क्वार्ट्झ. कोरड्या फडक्यानं पुसली की काच हळूहळू आंधळी होते. आणि खड्याच्या पाठीला चंदेरी मुलामा असेल तर पाण्यात बुडवायचीच नाही. पाणी मागं शिरलं की खडा मेला.

खरा स्फटिकही फार काटक नाही. कारागिरानं एकदा अंगठीला झाळताना खडा काढलाच नाही, आच लागली आणि मधोमध तडा गेला. आता आधी खडा उतरवायचा, मग बत्ती. हल्ली पोरं जळगावकडचे ॲपोफिलाइटचे खडे अंगठीत बसवा म्हणून येतात. आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळीतला, दिसायला देखणा. पण नाजूक, एका पातळीत सरळ फुटतो. पेंडंट करते, अंगठीला नाही म्हणते.

मास्तर गेल्यावर बिलपुस्तकं बदलली. ‘चांदी ९२.५, खडा काच.’ त्या दिवाळीत बऱ्याच जणी बिल वाचून उठून गेल्या, कारण तोच खडा चार दुकानं पुढं क्रिस्टल होता. काही परत आल्या, काही नाही.

उन्हवऱ्याच्या मावशी मात्र येतात. गेल्या वर्षी कुंडावर निघायच्या आदल्या दिवशी पायातले पैंजण सोडून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, “चार दिस ठेव. आणि वजन लिहून चिठ्ठी दे, तुझा काय भरवसा.”