उद्यमनगरातले दोन सर्व्हर आणि /यूएसआर चे एकत्रीकरण: कोल्हापूरच्या दोन दिवसांचा वृत्तांत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या मावसभावाचा यंत्रभाग घडवण्याचा छोटा कारखाना आहे आणि त्याच्या कार्यालयातले दोन सर्व्हर मी पुण्यात बसून सांभाळतो. एकावर ग्राहकांची ड्रॉइंग आणि हिशेब असतात, दुसऱ्यावर कामगारांची हजेरी आणि मालाच्या पेट्यांवर चिकटवायच्या लेबलांची छपाई चालते. २०१८ मध्ये मीच त्यांवर डेबियन या लिनक्स वितरणाची ९ वी आवृत्ती बसवली होती. पुढे १० आणि ११ या आवृत्त्यांपर्यंत ती यंत्रे अद्ययावत होत आली, परंतु त्यांची डिरेक्टरींची मांडणी जुनीच राहिली. म्हणजे /बिन, /एसबिन, /लिब आणि /लिब६४ या स्वतंत्र डिरेक्टरी होत्या आणि /यूएसआर च्या पोटात त्याच नावांच्या आणखी डिरेक्टरी होत्या. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ला ही विभागणी मान्य नाही. तिथे या डिरेक्टरींतल्या सर्व फाइली /यूएसआर खाली असाव्या लागतात आणि /बिन वगैरे नावे केवळ सिमलिंक म्हणून, म्हणजे खऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी म्हणून, उरतात. हा बदल करण्यासाठी मी गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला जाऊन आलो. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. कमांड आणि पाथ येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टंकताना अर्थातच ते रोमन लिपीत टंकावेत.

हे काम दूरवरून का केले नाही, असे भावाने विचारले होते. कारण साधे आहे. या बदलात एक टप्पा असा असतो की तो बिघडला तर यंत्र सुरूच होत नाही, आणि सुरू न होणाऱ्या यंत्रावर पुण्याहून काहीही करता येत नाही. समोर पडदा आणि कीबोर्ड हवा, हातात बूट होणारा पेनड्राइव्ह हवा. मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. ती मध्यरात्रीनंतर पुण्यातून निघते आणि सकाळी कोल्हापुरात पोचवते, त्यामुळे पहिला पूर्ण दिवस हाती लागतो. रस्त्याने जायचे असल्यास महामार्गाच्या रुंदीकरणामुळे लागणाऱ्या वळणरस्त्यांचा वेळ धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र असे काम ठरवूच नये. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि अर्धवट रूपांतरित सर्व्हर मागे सोडून माणूस अडकून पडणे परवडणारे नाही.

मुळात ही विभागणी कुठून आली, हे समजून घेतल्याशिवाय ती मोडण्याचे धैर्य होत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स ही लिनक्सची पूर्वज प्रणाली घडवत होते. पहिली डिस्क भरली तेव्हा प्रणालीच्या वाढत्या फाइली दुसऱ्या डिस्कवर सांडल्या, आणि त्या डिस्कवर वापरकर्त्यांच्या डिरेक्टरी असल्याने तिचे नाव /यूएसआर होते. दुसरी डिस्क जोडणारी माउंट कमांड दुसऱ्याच डिस्कवर ठेवली तर ती जोडणार कोण, हा प्रश्न असल्याने सुरुवातीला लागणारी साधने पहिल्या डिस्कवर राहिली. जागेच्या टंचाईतून आलेली ही तडजोड पुढे नियम बनली. १९९४ मध्ये लिनक्ससाठी डिरेक्टरी मांडणीचे पहिले मानक आले तेव्हा, यंत्र दुरुस्त करण्यापुरती साधने डिस्कच्या मूळ विभागात (पार्टिशनमध्ये) असावीत, असे तिचे समर्थन झाले. आज ते काम बूट होताना स्मृतीत उतरणारी इनिटरामएफएस करते आणि वेगळ्या विभागात असलेले /यूएसआर तीच जोडून देते. लिनक्सच्या इतर वितरणांपैकी फेडोरा १७ ने २०१२ मध्ये आणि आर्चने २०१३ मध्ये हे एकत्रीकरण केले. आर्चने त्याच वेळी एसबिनही बिनमध्ये मिसळली आणि फेडोराने ते २०२५ मध्ये ४२ व्या आवृत्तीत केले. डेबियनमध्ये ती दोन अजून वेगळी आहेत, त्यामुळे एका वितरणाविषयीचे मार्गदर्शन दुसऱ्यावर जसेच्या तसे लावू नये.

कारखान्यात पोचल्यावर टूल रूम सांभाळणाऱ्या मामांना मी काय करणार आहे ते सांगावे लागले, कारण त्यांची लेबले दोन तास निघणार नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे सगळं सामान एका मांडणीत न्यायचं, आणि रिकाम्या कप्प्यावर चिठ्ठी लावायची, की माल तिकडं हाय." मी होकार दिला. त्यावर ते म्हणाले, "मग ती चिठ्ठी कुणी काढणार न्हाई एवढं बघा." इतक्या नेमकेपणाने सिमलिंकचे महत्त्व मलाही सांगता आले नसते, आणि दुसऱ्या दिवशी त्या वाक्याचीच प्रचिती आली.

त्याआधी मी स्वतः केलेली एक चूक सांगतो, कारण याच ठिकाणी सर्वाधिक लोक अडकतात. निघण्यापूर्वी पुण्यात मी पहिल्या सर्व्हरची प्रत आभासी यंत्रात उभी केली होती आणि अंतर्गत क्रम नीट कळावा म्हणून एकत्रीकरण हाताने करून पाहिले होते. मूव्ह कमांडने /लिब६४ उचलून /यूएसआर मध्ये ठेवली आणि पुढची लिंक करण्यासाठी एलएन टंकले, तर उत्तर आले की अशी फाइल अस्तित्वातच नाही. एलएस, सीपी, मूव्ह, सर्वांचे तेच. फाइली जागच्या जागी होत्या. परंतु जवळजवळ प्रत्येक चालवण्यायोग्य फाइलीत तिच्या लोडरचा, म्हणजे तिला आणि तिच्या लायब्ररींना स्मृतीत आणणाऱ्या प्रोग्रामचा, पाथ कोरलेला असतो. ६४-बिट इंटेल जातीच्या यंत्रांवर तो /लिब६४ मधल्या एलडी-लिनक्स या नावाने सुरू होतो, आणि तो न सापडल्यास कर्नल हीच दिशाभूल करणारी सूचना देतो. लायब्ररींचे पाथ बदलता येतात, परंतु लोडरचा हा पाथ अशा प्रोग्राममध्ये संकलनाच्या वेळीच बसलेला असतो. म्हणून /लिब६४ हे नाव क्षणभरही नाहीसे होऊन चालत नाही.

त्यातून सुटका अशी झाली. आधीच चालू असलेले बॅश, म्हणजे कमांड स्वीकारणारा शेल, स्मृतीत असल्याने त्याच्या अंगभूत कमांड, उदाहरणार्थ सीडी आणि एको, चालत राहतात. एको आणि तारांकन वापरून डिरेक्टरीत काय आहे तेही पाहता येते. डेबियन ११ मध्ये खरा लोडर /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये एलडी-२.३१ या नावाने असतो आणि /लिब६४ मध्ये त्याची केवळ लिंक असते. त्यामुळे खऱ्या लोडरचा पूर्ण पाथ आधी आणि त्यापुढे /बिन/एलएन असे एकाच ओळीत टंकून मी तुटलेली लिंक पुन्हा जोडली. हे जमले कारण रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, शेल आधीपासून उघडा होता. ते अधिकार तात्पुरते देणारा सुडो हाही एक प्रोग्रामच असल्याने तो तेव्हा चालला नसता. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रूटचे दोन शेल उघडे ठेवावेत आणि त्यांपैकी एक, लोडर न लागणाऱ्या बिझीबॉक्स-स्टॅटिक या पॅकेजमधला असावा. डेबियनचे साधे बिझीबॉक्स पॅकेज स्वतः त्याच लोडरवर अवलंबून असते, हे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष सर्व्हरवर हाताने काहीही केले नाही. डेबियनमध्ये यूएसआरमर्ज नावाचे पॅकेज आहे, त्यातली स्क्रिप्ट हे रूपांतर करते. १२ व्या आवृत्तीकडे जाताना हे रूपांतर आपोआप होते, परंतु माझा सल्ला असा की ते ११ वर असतानाच स्वतंत्रपणे उरकावे, यंत्र एकदा बंद करून सुरू करावे, आणि सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच आवृत्ती बदलावी. दोन्ही एकत्र केले आणि काही बिघडले तर दोष नेमका कशाचा हे शोधण्यात रात्र जाते. ही स्क्रिप्ट उलटी फिरवण्याची सोय नाही, त्यामुळे पूर्ण बॅकअप घेऊन आणि तो उघडून पाहून मगच पुढे जावे.

पहिल्या सर्व्हरवर /यूएसआर वेगळ्या विभागात होते, आणि अशा वेळी फाइलींची नुसती नावे बदलून भागत नाही, त्या खरोखर दुसऱ्या विभागात उतरतात. /लिब खाली कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) मॉड्यूल असतात आणि तिथे चार जुन्या कर्नलांचे मॉड्यूल साठले होते. डीयू कमांडने /लिब चे आकारमान आणि डीएफ ने /यूएसआर मधली मोकळी जागा पाहिली तेव्हा जागा अपुरी असल्याचे दिसले. ऑटोरिमूव्ह करून जुने कर्नल काढले आणि प्रश्न सुटला. रूपांतर स्वतः काही मिनिटांत झाले.

लेबलांच्या सर्व्हरने अधिक वेळ घेतला. स्क्रिप्ट मध्येच थांबली, कारण एकाच नावाची लेबल छापणारी फाइल /बिन मध्येही होती आणि /यूएसआर/बिन मध्येही, आणि दोन्हींचा मजकूर वेगळा होता. पूर्वी कुणीतरी सुधारित प्रत एका ठिकाणी ठेवून जुनी दुसऱ्या ठिकाणी तशीच सोडली होती. दिवसा कामगार नुसते नाव टंकत, तेव्हा /यूएसआर/बिन मधली नवी प्रत चाले. ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये रात्रीसाठी मात्र /बिन चा पूर्ण पाथ लिहिलेला असल्याने जुनी चाले. रात्रीच्या लेबलांवर वजन वेगळ्या ठिकाणी छापले जाते, ही मामांची जुनी तक्रार होती आणि तिचे कारण त्या दुपारी सापडले. नवी प्रत /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवली, जी आपल्या स्वतःच्या साधनांची योग्य जागा आहे, क्रॉनमधला पाथ बदलला, आधीच्या दोन जागांवरच्या प्रती बाजूला काढल्या आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ती जिथे थांबली होती तिथून नीट पुढे गेली. दुहेरी नावे आधीच शोधून ठेवली तर हा खोळंबा टळतो. /बिन आणि /यूएसआर/बिन यांच्या याद्या शेजारी ठेवून दोन्हीकडे असणारी नावे पाहावीत, आणि एसबिन व लिबसाठीही तसेच करावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवृत्ती बदलण्याआधी मी छपाई यंत्राच्या चालकाची (ड्रायव्हर या सॉफ्टवेअरची) स्थापना करणारी स्क्रिप्ट सहज उघडून पाहिली. ती स्क्रिप्ट यंत्र पुरवणाऱ्यांनी दिलेली टार फाइल, म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र गाठोडे, थेट मूळ डिरेक्टरीत उलगडत होती आणि त्या गाठोड्यात लिब नावाची डिरेक्टरी होती. जीएनयू टार जेव्हा डिरेक्टरी उलगडू पाहते आणि त्या जागी सिमलिंक असते, तेव्हा सामान्यतः ती सिमलिंक काढून टाकून तिथे खरी डिरेक्टरी तयार करते. म्हणजे पुढच्या वेळी कुणी चालक पुन्हा बसवला असता, तर /लिब ही लिंक जाऊन तिथे एकच फाइल असलेली डिरेक्टरी उरली असती आणि यंत्र कोलमडले असते. कीप-डिरेक्टरी-सिमलिंक हा पर्याय दिल्यास टार तसे करत नाही; आम्ही तो स्क्रिप्टमध्ये घातला. फाइलींच्या प्रती नेणाऱ्या आरसिंक या साधनाचेही असेच आहे. तिथे कॅपिटल के हा पर्याय न देता जुन्या मांडणीचा बॅकअप नव्या मांडणीवर परत आणला तर तोच अपघात होतो. एकत्रीकरणानंतरचा सर्वात मोठा धोका मला हाच वाटतो, कारण तो कित्येक महिन्यांनी आणि दुसऱ्याच माणसाच्या हातून घडू शकतो.

डेबियन १२ बसल्यावर काही किरकोळ गोष्टी दिसल्या. एलएस कोणत्या पॅकेजचे, असे पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला /यूएसआर/बिन चा पाथ देऊन विचारले तर त्याला सापडत नाही, कारण त्याच्या नोंदीत ती फाइल /बिन मध्ये आहे. तारांकन लावून विचारावे. डीपीकेजीला हे दोन पाथ एकच आहेत हे ठाऊक नसल्यामुळे, एखादी फाइल /लिब मधून /यूएसआर/लिब मध्ये आणि त्याच वेळी एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली तर ती पुसली जाण्याचा धोका होता. म्हणूनच डेबियनने १२ येईपर्यंत अशा हलवाहलवीला मनाई केली होती आणि नोंदी सरळ करण्याचे काम १३ व्या आवृत्तीत पूर्ण झाले. बाहेरून आणलेली डेब पॅकेजे असतील तर ती या दृष्टीने तपासावीत. फाइलींची अखंडता तपासणारे साधन वापरत असाल तर ते हजारो बदल दाखवील. रूपांतराची खात्री झाल्यावर त्याची आधारयादी नव्याने करावी. प्रोग्रामला कोणत्या फाइली वापरता येतील हे ठरवणाऱ्या ॲपआर्मरसाठी आपण स्वतः लिहिलेल्या नियमांत /बिन चा पाथ असेल तर तो बदलावा, कारण तिथे सिमलिंक मानली जात नाही, खरा पाथ पाहिला जातो.

संध्याकाळी दोन्ही यंत्रे वीज तोडून पुन्हा सुरू केली आणि रात्रपाळीची पहिली लेबले निघेपर्यंत थांबलो. वजन योग्य जागी आले होते. जुने बॅकअप असलेल्या डिस्कवर भावाने ठळक अक्षरांत "जुनी मांडणी, थेट परत आणू नये" अशी पट्टी लावली, आणि ती मामांनी टूल रूमच्या कपाटात कुलपात ठेवली.