सासर ख्रिस्ती होतंच, मी साठीच्या तोंडावर झाले

वसईच्या कॅथलिक घरात मी सून म्हणून आले तेव्हा धर्म बदल असं मला कुणीही म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. हल्ली हा विषय निघाला की लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि दुसरा पैशांचा. आमचं लग्न चर्चमध्ये लागलं, पण खास परवानगी काढून. एक जण कॅथलिक आणि दुसऱ्याचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला नाही, अशा लग्नाला ती लागते. तेव्हा वसई मुंबईच्या महाधर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या आर्चबिशपांच्या हद्दीत होती. वेगळा धर्मप्रांत झाला तो १९९८ मध्ये. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचं वचन ह्यांनी दिलं. मला काहीच लिहून द्यावं लागलं नाही. आईने लग्नात दिलेले अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण स्वयंपाकघरातल्या फळीवर बसले, आणि सासूबाई परसातली जास्वंद त्यांच्यासाठी खुडून आणून देत.

त्या सासूबाईंना रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, नेण्याचं काम माझं. ह्यांना सकाळी उठवणं कुणालाच जमलं नाही. त्या गेल्या, तरी माझे पाय रविवारी तिकडेच वळत राहिले. मराठी मिस्सा, तोंडपाठ झालेली गाणी, ओळखीचे चेहरे. ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घेण्याची वेळ झाली की अख्खा बाक उठायचा आणि मी गुडघे एका बाजूला घेऊन सगळ्यांना वाट करून द्यायची; स्नानसंस्काराशिवाय तो घेता येत नाही. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. मग वाटायला लागलं. गुड फ्रायडेला मात्र मीही रांगेत असायची, कारण त्या दिवशी मिस्सा नसते आणि क्रुसाचं चुंबन घ्यायला कुणीही जाऊ शकतं. सासूबाईंच्या मागे त्या रांगेत उभी राहताना मला वाटायचं, मी हे त्यांच्याखातर करते. त्या नसतानाही उभी राहिले, आणि क्रुसापाशी पोचेपर्यंत डोळे भरून आले. साक्षात्कार वगैरे म्हणाल तर एवढाच.

फादरांना भेटले तेव्हा माझं वय अठ्ठावन्न. म्हटलं, काय ते उरकून टाकू. ते म्हणाले, “घाई काय आहे? आधी बोलू.” प्रौढांना चर्चमध्ये घेण्याची एक पद्धत आहे. पहिल्या शतकांतली जुनी रीत मध्यंतरी मागे पडली होती, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची ती मोठी सभा) १९७२ मध्ये रोमने पुन्हा नीट घालून दिली. आमच्याकडे तिला वर्षाच्या वर लागलं. दर आठवड्याला एक सिस्टर शिकवायच्या. वर्गात लग्न ठरलेला एक मुलगा, पालघरकडची एक नर्स आणि मी. मुलगा मोबाइल बघायचा, नर्स ड्युटी करून आल्यामुळे पेंगायची, त्यामुळे वाद घालायला मीच उरले. कुमारी मरियेबद्दल माझी तक्रार नव्हती. देवाला आई असते यात आपल्या माणसाला कसली अडचण? अडलं ते पुनर्जन्मापाशी. एकच जन्म, हे ऐकून आधी धडकीच भरली. पुढच्या जन्मावर ढकललेली बरीच कामं होती.

अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहायचा होता. शिवाय स्वखुशीने येते आहे असं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र. साताऱ्याच्या दादाला धसका होता तो वडिलांच्या घरातल्या माझ्या हिश्शाचा. धर्म बदलल्याने बहिणीचा वारसाहक्क जात नाही, असं त्याच्याच वकिलाने त्याला सांगितलं. अट आहे ती धर्म बदलल्यानंतर जन्मणाऱ्या मुलांसाठी. या वयात तो प्रश्न नव्हता.

मग दीक्षार्थी, म्हणजे स्नानसंस्काराची तयारी करणारी, म्हणून स्वीकारण्याचा विधी झाला. कपाळ, कान, डोळे, ओठ, छाती, खांदे, प्रत्येकावर क्रुसाची खूण करतात. माझी धर्ममाता, म्हणजे या वाटेवर सोबत करणारी साक्षीदार, होती माझी धाकटी जाऊ. पाण्याच्या मोटरवरून आमचं बरेच दिवस बोलणं बंद होतं, आणि आता ती माझ्या डोळ्यांवर अंगठ्याने क्रूस काढत होती. हसू आवरताना दोघींचीही पंचाईत झाली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर नावं पुकारली गेली. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आमच्यासाठी खास प्रार्थना होत्या आणि शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्रातली वाचनं, तीही ठरलेली: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाजरस. पहिल्या गोष्टीने मला धरून ठेवलं. यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचं घेत नसत. आणि येशू, यहुदी माणूस, शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि तीच चकित होते, की तुम्ही माझ्या हातचं कसं मागता? माझी आजी वसईला एकदाच आली, ती स्वतःचा तांब्या घेऊन. दिवसभर राहिली, नातवाला मांडीवर खेळवलं, आणि आमच्या माठातलं पाणी प्यायली नाही. सासूबाईंनी तो तांब्या विहिरीवर नेऊन स्वच्छ घासला, शेंदून भरला आणि तिच्यापुढे ठेवला. आजी त्याकडे बघत राहिली. संध्याकाळच्या गाडीने गेली तेव्हा तो तसाच भरलेला होता. कोण चुकलं ते मी कधी ठरवलं नाही.

सगळ्यात जड गेलं ते फळीवरच्या देवांचं. फादरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन्हीकडे पूजा चालायची नाही. बाकी त्यांचं काय करायचं ते मी ठरवावं. कपाटात कोंडणं बरं दिसेना, विसर्जन करायला हात धजेना. साताऱ्याला घेऊन गेले. वहिनीने ओच्यात डबी घेतली, दोघांना पंचामृताने न्हाऊ घातलं आणि स्वतःच्या अन्नपूर्णेशेजारी बसवलं. दादा बाहेर पेपर वाचत बसला होता. जेवताना म्हणाला, “गौरीला येणार की नाही?” म्हटलं, जेवायला येईन. “मग झालं तर.”

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये आधी सगळे दिवे बंद. बाहेर शेकोटी पेटवून तिच्यावर मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. मग निर्मितीपासून वाचनं सुरू होतात, तांबडा समुद्र दुभंगून इस्राएली लोक पार झाले त्याचं तर कधीच गाळत नाहीत. पांढऱ्या साडीत मी मागे पाठ टेकायला जागा शोधत होते. अखेर सैतानाचा त्याग, श्रद्धेचा उच्चार, आणि डोक्यावर तीनदा पाणी. पाणी गार होतं आणि पाठीवरून थेट कमरेपर्यंत गेलं. लगेच कपाळावर सुगंधी तेल, म्हणजे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार), आणि थोड्या वेळाने पहिला ख्रिस्तप्रसाद; प्रौढांना तिन्ही संस्कार एकाच रात्री मिळतात. नाव एलिझाबेथ घेतलं; बायबलमधली ही बाई म्हातारपणी आई झाली, तिचंही सगळं उशिराच झालं म्हणून. तेही चर्चच्या वहीतच. आधार कार्डावर मी आहे तीच आहे. राजपत्रात धर्मबदल छापून घेता येतो. पेन्शनच्या कागदांचा घोळ नको म्हणून तूर्त राहू दिलंय. लग्नही पुन्हा लावावं लागलं नाही. दोघांचा स्नानसंस्कार झाला की तेच लग्न संस्कार ठरतं. ह्यांची पहिली प्रतिक्रिया, “म्हणजे जेवण नाही?”

पापनिवेदन, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली, मात्र आधी नसतं. स्नानसंस्काराने मागचं सगळं धुऊन निघतं, तेव्हा मी केलेली लांबलचक यादी फादरांनी वाचूही दिली नाही. पहिलं पापनिवेदन जून उजाडल्यावर केलं. तोवर पुन्हा मोटरचं निघालंच होतं. फादरांनी जपमाळेची पाच रहस्यं म्हणायला सांगितली, आणि पाण्याच्या वेळा ठरवून घ्या म्हणाले. आता जावेच्या सकाळी सहा ते सात, माझ्या सात ते आठ. रविवारी उलट, कारण तिला पहिल्या मिस्साला जायचं असतं आणि मला दुसऱ्या.