संगीताचा दिवाळी अंक, तोही नववी-दहावीच्या मुलांसाठी

'संगीतावरचा दिवाळी अंक, वयोगट १३ ते १७' एवढं सांगून संपादक समोर बसले, तेव्हा त्यांच्या डोक्यात मुखपृष्ठ तयारच होतं. गिटार, हेडफोन, मागे रंगांचे फवारे आणि वर तिरक्या अक्षरांत 'तरुणाई विशेष'. पुण्यातल्या क्लासांच्या फ्लेक्सवर हे बारा महिने असतंच. अंकाची मांडणी माझ्याकडे होती, पण मी हो-नाही काही म्हटलं नाही. त्याच धर्तीची चार-पाच पानं बनवून प्रिंट काढले आणि भाचीच्या मैत्रमंडळींसमोर जमिनीवर पसरून ठेवले.

एक मुलगी म्हणाली, "मावशी, हे आईने आणून दिलेलं वाटतं." विषय तिथेच संपला. 'तरुणाई', 'यूथ', 'टीन' असले सगळे शब्द मी अंकातून काढून टाकले. या वयाची मुलं कायम आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्यांचं वाचतात. तेरा वर्षांच्या मुलाला 'हे तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहे' असं सांगितलं की तो अंक धाकट्या भावाकडे सरकवतो. आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या मथळ्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, पण फोटोखालच्या बारीक ओळी आणि कोपऱ्यातल्या चौकटी सगळ्यांनी वाचल्या. म्हणून मोकळी, देखणी पानं सोडली आणि चौकटींनी गच्च भरलेली पानं केली. संपादकांना ती 'गर्दी' वाटली. मला अजूनही वाटत नाही.

ब्रिटनमध्ये १९७८ला निघालेलं 'स्मॅश हिट्स' गाण्यांचे शब्द छापायचं. मुलं त्यासाठीच अंक घ्यायची. ते २००६मध्ये बंद झालं. आज शब्द फोनवर आहेत, गाणं फोनवर आहे, कलाकार काय जेवला तेही फोनवर आहे. शिवाय शब्द छापायचे तर हक्कदाराची परवानगी लागते. मग कागदावर द्यायचं काय? भिंतीवर लावता येईल आणि पेन्सिलने भरता येईल असं काहीतरी.

त्यातून पोस्टर आलं, आणि अंकात माझा सर्वांत जास्त वेळ त्यानेच खाल्ला. कलाकाराचा फोटो घ्यायचा तर छायाचित्रकाराचे हक्क आले. इन्स्टाग्रामवरून उचलायचा प्रश्नच नव्हता. मग चित्र काढलं १९८०च्या रोलंड टीआर-८०८चं. हिपहॉपमधला तो घुमणारा ठोका ज्या ड्रम मशीनमधून आला, ते हे. खाली ओळीने १६ बटणं, चार-चारच्या गटांत, लाल, नारिंगी, पिवळी आणि पांढरी. बटणं रंगवता रंगवता लहानपणीचा तबल्याचा क्लास आठवला. त्रितालाच्या मात्राही सोळाच, चार-चारचे चार विभाग. एक मात्रा म्हणजे एक बटण नव्हे, मशीनवर चार बटणं मिळून एक ठोका होतो, हे चौकटीत लिहिलं. पण कागदावर दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या की गंमत सुरू होते. हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, पडते १, ५, ९, १३ या घरांत. त्रितालात याच जागी सम, टाळी, खाली, टाळी. २०२४मध्ये 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणं मुलांच्या तोंडी होतंच, त्यामुळे समजवायला उदाहरण शोधावं लागलं नाही. तबला शिकणाऱ्या एका मुलाने पोस्टरवर बोट फिरवत 'धा धिं धिं धा' म्हणायला सुरुवात केली आणि नवव्या घरावर, म्हणजे खालीला, हात उलटा केला. खाली मी रिकामी सोळा घरं ठेवली होती. त्याने ती विचारल्याशिवाय भरूनही टाकली.

आता पोस्टर बसवायचं कुठे? अंक ४८ पानी, म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फर्मे, मधोमध घडीवर पिना मारलेले. सलग कागद फक्त २४-२५ या पानांवर मिळतो. पिना उचलल्या की पोस्टर हातात. पण मग २३ आणि २६ ही पानंही त्याच्याबरोबर जातात, भिंतीकडे तोंड करून. तिथे लेख ठेवला तर मुलं पोस्टर काढायला कचरतील. म्हणून मी दिवाळी शुभेच्छांच्या जाहिराती तिथे नेल्या. 'पतसंस्थेला काय सांगू?' असं संपादक बरेच दिवस विचारत होते.

अक्षरांबद्दल थोडंसंच. इंग्रजी मासिकांत मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून लांब-लांब ठेवलेली छान दिसतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाची कवळी निसटल्यासारखी दिसते. म्हणून मथळे घट्ट आणि जाड ठेवले. मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट घेतला, कारण त्याच्यात रोमन अक्षरंही जुळती आहेत. कलाकारांची नावं मुलांना रोमनमध्येही हवी होती, कारण शोधताना तशीच टाइप करतात.

मुखपृष्ठाला मुलांनी एकमताने निऑन गुलाबी मागितला. पडद्यावर तो झगमगतो, पण नेहमीच्या चार शाईंत छापला की नुसता राणी रंग होतो. खरा हवा तर पँटोन ८०६ ही वेगळी शाई लागते, म्हणजे पाचवी प्लेट आणि वाढीव खर्च. मी फोटो कृष्णधवल केला आणि मुखपृष्ठ काळा अधिक ८०६ अशा दोनच रंगांत बसवलं. खर्च उलट कमी झाला. दिवाळीच्या तोंडावर शाई बदलायला मशीन धुवायला लावलं म्हणून मशीनमन माझ्यावर वैतागला होता, पण पहिला कागद बाहेर आल्यावर त्याने दोन प्रती बाजूला ठेवल्या. "मॅडम, पोरीला दाखवतो."

ही शाई उन्हात टिकत नाही, हे आधीच सांगितलं होतं. स्टॉलवर दर्शनी टांगलेल्या प्रती पंधरवड्यात फिक्या पडल्या. लॅमिनेशनने फार फरक पडत नाही. पुढच्या वर्षी गुलाबी रंग पोस्टरवर आणि बाहेर फक्त काळा, असं माझं म्हणणं आहे. संपादक अजून गिटारवरच आहेत.