ऑस्टिनची भिंत

पावसामुळे चिरेखाण बंद आहे, खाणीत कमरेएवढं पाणी साठलंय. म्हणून लिहायला बसलो.

एप्रिलात लेकीकडे ऑस्टिनला गेलो होतो. तिथलं टेक्सास राज्याचं विधान भवन बघायला तिनं हौसेनं नेलं. "बाबा, आत चला, घुमट बघूया," म्हणून ती मागे लागलेली आणि मी बाहेरच भिंतीला हात लावून उभा. मालवणात आमच्या तीन पिढ्या जांभ्यात गेल्या. भिंत दिसली की मान वर जाण्याआधी हात पुढे जातो.

दगड गुलाबी ग्रॅनाइटचा. पण ठरलं होतं वेगळंच. १८८१ साली जुनं भवन जळालं, नव्यासाठी जवळच्याच खाणीतला चुनखडक आणला. त्यात लोहाचा अंश निघाला. हवा लागली की डाग पडायला लागले, म्हणून बाहेरच्या भिंतींना तो नको म्हटलं. हे ऐकून मला हसूच फुटलं. आमचा जांभा म्हणजे दुसरं काय, गंजच! लोह आहे म्हणून तर तो तांबडा. खाणीतून मऊ निघतो आणि वारा खाऊन घट्ट होतो. त्यांनी ज्या कारणानं दगड टाकला, त्याच कारणावर आमची घरं उभी आहेत.

मग बर्नेट परगण्यातल्या एका डोंगराच्या मालकांनी ग्रॅनाइट फुकट दिला. फुकट म्हणजे खाणीत फुकट. तिथून आणायला खास रेल्वे घालावी लागली. दगड फोडायला तुरुंगातले कैदी लावले. त्यावर पाथरवटांच्या संघटनेनं बहिष्कार टाकला, तर स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनहून साठेक कारागीर बोलावले. ग्रॅनाइट तासणं म्हणजे काय, हे चिरा काढणाऱ्याला विचारू नका. आमच्याकडेही काळ्या दगडाला पाथरवटच लागतो. त्या भिंतीच्या कडा बघताना मला त्या अ‍ॅबर्डीनच्या कारागिरांचेच हात दिसत होते.

आणि ठेकेदाराचं बिल? सरकारकडे जमीन रग्गड, तेव्हा ३० लाख एकर माळरान देऊन टाकलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मिळून होतात, त्याच्यापेक्षा जरा कमी. माझं एक बिल दोन वर्षं अडकलंय, मला कोणी पाच गुंठे दिले असते तरी गप्प बसलो असतो.

शेवटी आत गेलो. दरवाजांच्या पितळी बिजागऱ्यांवरसुद्धा 'टेक्सास कॅपिटॉल' अशी अक्षरं ओतलेली. घुमटाखाली मधोमध उभं राहून बोललं की आपलाच आवाज आपल्यावर परत येतो. वर एक चांदणी दिसते, तळहाताएवढी. ती आठ फुटांची आहे म्हणे. उंची ३०२ फूट, वॉशिंग्टनच्या संसद भवनाहून चौदाएक फूट जास्त. हे लेकीनं दोनदा सांगितलं, तिथे राहून तिलाही तिथला अभिमान चिकटलाय.

बाहेर येऊन मी पुन्हा वर बघितलं. घुमटाचा रंग भिंतीशी जुळत होता, पण सांधा कुठे दिसेना. विचारलं, तर घुमट लोखंडी. वरून पत्रा मारून दगडासारखा रंग दिलेला.

मे महिन्यात खाणीवर हे सगळं सांगत होतो. आमचा जुना कामगार चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे वरती पत्रोच मां?"